जुना लॅपटॉप उघडण्यापूर्वीं

घरांतील लॅपटॉप आठ-दहा वर्षांचा झाला, सकाळीं चालू होण्यास पांच-पांच मिनिटें घेऊं लागला, कीं घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, 'टाकून द्या आणि नवा घ्या.' दुसरा म्हणतो, 'आंत कांहीं तरी नवें बसवून घ्या, अजून पुष्कळ वर्षें चालेल.' दोन्ही पक्ष तावातावानें बोलतात. परंतु यंत्राच्या आंत काय आहे हें दोघांनींही पाहिलेलें नसतें. आजच्या भाषणांत मी कोणाही एका पक्षाची वकिली करणार नाहीं. जुन्या लॅपटॉपमध्यें काय बदलतां येतें, काय बदलतां येत नाहीं, आणि यंत्र धडधाकट असतांही तें केवळ हुकमानें कोठें अडविलें जातें, एवढेंच मी सांगणार आहें. मी इंजिनियर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि आयुष्यभर मुलांस गणित शिकविलेला मास्तर आहें. परंतु हा विषय मुख्यतः मोजण्याचा आणि पडताळून पाहण्याचा असल्यामुळें मास्तराच्या आवांक्याबाहेरचा नाहीं.

मी राहतों तो पिंपरी-चिंचवडचा परिसर नव्या वस्तु घडविण्यासाठीं प्रसिद्ध आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही कंपनी स्थापन झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें. पुढें भोसरी-आकुर्डीपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली, आणि २००९ सालीं फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांच्या मोटारी चाकणला तयार होऊं लागल्या. असें असलें तरी याच पट्ट्यांतील लहान वर्कशॉपमध्यें गेल्यास आपणांस एक निराळेंच दृश्य दिसेल. तीस-चाळीस वर्षांचा जुना लेथ तेथें अजून चालत असतो, आणि त्याच्या अंगावर एक लहानसा नवा फलक लुकलुकत असतो. कामगार त्यास 'डी. आर. ओ.' म्हणतात. लेथच्या सरकत्या भागास एक मोजपट्टी जोडलेली असते आणि तिचें माप आंकड्यांत या फलकावर उमटतें. मिलिमीटरच्या दोनशेंव्या भागापर्यंतचा फरक त्यावर वाचतां येतो. लेथचा जुना आटा झिजलेला असला तरी मोजपट्टी सरकत्या भागाचें प्रत्यक्ष स्थान दाखवीत असल्यामुळें काम बिनचूक उतरतें. परंतु कोणताही जाणता कारागीर हा फलक बसविण्यापूर्वीं लेथचा बेड तपासून घेतो. बेडच जर झिजून वांकडा झाला असेल, तर त्यावर कितीही सुंदर आंकडे चमकले तरी काम वांकडेंच होणार. काय बदलावें आणि कशास हात लावूं नये, हें ठरविण्याची ही रीत लॅपटॉपलाही तंतोतंत लागू पडते.

आतां लॅपटॉपच्या आंतील कारभार पाहूं. त्यास एक लहानसा कारखाना समजावें. प्रोसेसर हा त्यांतील कारागीर. रॅम हें त्याच्या पुढ्यांतलें कामाचें टेबल. हार्ड डिस्क हें गोदाम, आणि वायफायचें कार्ड म्हणजे बाहेरून माल येण्याचें फाटक. मोटारीच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांस हें सांगावयास नको कीं, सबंध लाइनची गति सर्वांत मंद असलेल्या जागेच्या गतीहून अधिक कधींच होत नाहीं. तेव्हां 'लॅपटॉप जुना झाला' हें वाक्य अर्थशून्य आहे. त्यांतील कोणती जागा मंद पडली, हें विचारलें पाहिजे.

निगडीच्या एका घरीं हा प्रश्न मोठ्या निकडीनें उभा राहिला होता. वडील चाकणच्या एका कारखान्यांत नोकरीस. मुलगी तंत्रनिकेतनांत यंत्र-अभियांत्रिकीच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षांत. तिला यंत्रभागांचीं रेखाचित्रें संगणकावर काढावीं लागत. घरांतला लॅपटॉप २०१६ सालचा. एक रेखाचित्र उघडेपर्यंत चहा होऊन पिऊनही होई. एका दुकानदारानें यंत्र पाहिल्याबरोबर 'याच्यांत आतां कांहीं राम नाहीं' असा निकाल दिला होता. नवें यंत्र घ्यावें तर बापाच्या दीड-दोन महिन्यांच्या पगाराचा प्रश्न. मुलगी मला म्हणाली, "सर, हें खरोखरच म्हातारें झालें आहे का?" मीं तिला सांगितलें, "तें आपण त्यालाच विचारूं."

विचारण्याची सोय यंत्रांतच असते. विंडोजमध्यें कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं टास्क मॅनेजर नांवाचा तक्ता उघडतो. कारागीर, टेबल व गोदाम यांवर किती टक्के भार पडला आहे, तें त्यांत दिसतें. आम्हीं रेखाचित्र उघडावयास लावून तक्ता पाहिला. हार्ड डिस्कचा भार १०० टक्के, रॅम जवळजवळ भरलेली, आणि प्रोसेसरवर मात्र १५ टक्क्यांहूनही कमी काम. कारागीर हात जोडून बसला होता; गोदामांतला माणूस धांपा टाकीत धांवत होता. म्हातारपण कोणास आलें होतें, याचा निकाल तेथेंच लागला.

गोदाम एवढें मंद कां, याचें गणित शाळेंतल्या मुलासही करतां येईल. लॅपटॉपमधील सामान्य हार्ड डिस्कची तबकडी मिनिटास ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास ९०. एका फेऱ्यास सुमारें ११ मिलिसेकंद लागतात, आणि हवा असलेला मजकूर वाचकदांडीखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा थांबावें लागतें. तें झाले साडेपांच मिलिसेकंद. दांडीस योग्य जागीं सरकण्यास आणखी दहा-बारा मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ असा कीं, ठिकठिकाणीं विखुरलेले मजकुराचे तुकडे गोळा करावयाचे असल्यास सेकंदास साठ-सत्तरांहून फारसे अधिक हातीं येत नाहींत. आणि एखादा मोठा कार्यक्रम उघडतांना असे हजारों तुकडे लागतात. एसएसडी या नव्या साठवण-पेटींत तबकडीही नाहीं आणि दांडीही नाहीं. तिला एक तुकडा आणून देण्यास सेकंदाचा सुमारें दहा-हजारावा भाग पुरतो. जुन्या यंत्रास एसएसडी बसविली असतां घरच्या माणसांस तो चमत्कार वाटतो; परंतु चमत्कार कांहीं नाहीं, भागाकार आहे.

मात्र ती विकत घेण्यापूर्वीं आपल्या यंत्रांत कोणती बसते हें पाहिलेंच पाहिजे. जुन्या लॅपटॉपांत बहुधा अडीच इंची, साटा जोडणीची हार्ड डिस्क असते. तिच्या जागीं त्याच मापाची साटा एसएसडी सरळ बसते. कांहीं खांचे ७ मिलिमीटर जाडीचे तर कांहीं ९.५ मिलिमीटरचे असतात; ७ मिलिमीटरची पेटी मोठ्या खांच्यांत चौकट लावून बसवितां येते, उलट मात्र होत नाहीं. कांहीं यंत्रांत एम-डॉट-टू नांवाचा अरुंद खांचाही असतो. त्यांत बसणाऱ्या पट्ट्या दिसण्यांत सारख्या असल्या तरी कांहीं साटा पद्धतीच्या तर कांहीं एनव्हीएमई पद्धतीच्या असतात, आणि खांचा एकीचा असल्यास दुसरी त्यांत बहुधा चालत नाहीं. साटा जोडणीस सेकंदास सुमारें ५५० मेगाबाइटची मर्यादा आहे. त्या जोडणीवर अतिवेगवान म्हणून महाग पेटी घेणें म्हणजे गल्लींत चालविण्यासाठीं शर्यतीची मोटार घेणें होय.

दुसरी गोष्ट रॅमची. टेबल लहान असलें कीं कारागिरास अर्धें काम पुनःपुन्हां गोदामांत ठेवून यावें लागतें. ४ जीबीचें टेबल आजच्या कामास अपुरें पडतें. ८ जीबीवर घरगुती काम सुखानें होतें, आणि रेखाचित्रें काढावयाचीं असल्यास १६ जीबी असावी. येथेंही माप पाहिल्यावांचून खरेदी करूं नये. डीडीआर-३ जातीच्या लॅपटॉप-पट्टीस २०४ टोकें असतात, डीडीआर-४ जातीच्या पट्टीस २६०. दोहोंची खांच निराळ्या जागीं असल्यामुळें एक दुसरीच्या जागीं बसत नाहीं, आणि बळजबरी केल्यास मोडते. डीडीआर-३ मध्येंही एक प्रकार १.५ व्होल्टचा आणि दुसरा १.३५ व्होल्टचा आहे. निगडीच्या त्या लॅपटॉपांतील प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा होता. त्या पिढीच्या कांहीं यंत्रांत डीडीआर-३ ची कमी व्होल्टची पट्टी असे, कांहींत डीडीआर-४. म्हणून केवळ सालावरून अंदाज न करतां बसविलेल्या पट्टीवरील चिठ्ठी वाचावी. शिवाय २०२५ च्या उत्तरार्धांत रॅमचे भाव जगभर एकाएकीं चढले; तेव्हां 'रॅम काय, स्वस्तच असते' या जुन्या समजुतीवर विसंबून न राहतां आधीं भाव काढावा. पैसे एकाच सुधारणेपुरते असतील आणि गोदाम जुन्या पद्धतीचें असेल, तर माझ्या मतें एसएसडीस पहिला मान द्यावा.

तिसरी सुधारणा फाटकाची. पुष्कळ जुन्या लॅपटॉपांतील वायफाय कार्ड केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतें. मोशी, वाकड, पिंपळे सौदागर येथील उंच इमारतींत एकेका मजल्यावर चार-चार घरचे राउटर याच पट्ट्यावर बोलत असतात. ब्लूटूथही तेथेंच, मायक्रोवेव्ह भट्टीचा गोंगाटही तेथेंच. या पट्ट्यांत एकमेकांस अडथळा न करणाऱ्या वाटा जेमतेम तीन. ५ गिगाहर्ट्झवर चालणारें नवें कार्ड बसविलें तर गर्दी टळते. आणि या कार्डाबरोबरच नव्या पिढीचें ब्लूटूथही यंत्रास मिळतें, कारण तीं दोन्ही बहुधा एकाच कार्डावर असतात. मात्र ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून कमी पार जातात, हेंही ध्यानांत ठेवावें. येथें दोन सापळे आहेत. पहिला असा कीं, इंटेलचीं एएक्स-२०० व एएक्स-२०१ हीं कार्डें नांवानें जुळ्या भावंडांसारखीं आहेत. परंतु २०१ हें इंटेलच्याच विशिष्ट नव्या यंत्रांत चालतें आणि जुन्या यंत्रांत निरुपयोगी ठरतें. दुसरा असा कीं, कांहीं कंपन्यांनीं आपल्या जुन्या लॅपटॉपांत मान्य कार्डांची यादीच कोरून ठेवली आहे; यादीबाहेरचें कार्ड दिसलें कीं यंत्र पुढें चालण्याचेंच नाकारतें. म्हणून आपल्या यंत्राचा नमुना-क्रमांक पाहून त्याची सेवा-पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर आधीं वाचावी.

आतां लेथच्या बेडकडे वळूं. लॅपटॉपचा बेड म्हणजे त्याचा मदरबोर्ड आणि त्यावर डागून टाकलेला प्रोसेसर. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे २०१३-१४ पर्यंत, कांहीं लॅपटॉपांत प्रोसेसर काढून दुसरा बसवितां येई. त्यानंतरच्या जवळजवळ सर्व लॅपटॉपांत तो कायमचा डागलेला असतो. चित्रकाम करणारा ग्राफिक्सचा भागही बहुधा तसाच. रॅमचीही तीच वाट लागत आहे. ॲपल कंपनीनें २०१२ सालच्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्यें रॅम डागून टाकली, आणि पातळ यंत्रांच्या हौसेपायीं इतर अनेक कंपन्या त्याच मार्गानें गेल्या. टास्क मॅनेजरमध्यें सर्व वेळ प्रोसेसरच १०० टक्क्यांवर दिसत असेल, तर एसएसडीनें व रॅमनें फारसें साधणार नाहीं. अशा वेळीं 'नवें घ्या' म्हणणारा पक्ष बरोबर असतो, आणि तें मोकळ्या मनानें कबूल करावें.

परंतु यंत्रांत दोष नसतांही तें अडविलें जातें, असा आणखी एक प्रकार आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं विंडोज ११ बाजारांत आणली. तीस टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-चीप लागते आणि प्रोसेसर, थोडे अपवाद सोडल्यास, इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. पुढें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा सांभाळ कंपनीनें थांबविला. यंत्र त्या दिवशीं बंद पडलें नाहीं. परंतु चोरट्यांस शिरण्याजोगीं जीं नवीं भोकें सांपडतात, तीं बुजविण्याची हमी संपली. घरगुती ग्राहकांसाठीं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची एक वाढीव योजना कंपनीनें जाहीर केली, आणि तीस नांव नोंदविल्यावांचून तिचा लाभ होत नाहीं. एक बारीक गोष्ट मुद्दाम सांगतों. 'तुमच्या यंत्रांत टीपीएम नाहीं' असा संदेश येऊनही तें आंत असूं शकतें. केवळ यंत्राच्या मूळ मांडणींत, ज्यास बायॉस म्हणतात तेथें, तें बंद ठेवलेलें असतें. आठव्या पिढीच्या यंत्रास असा संदेश आल्यास निराश न होतां आधीं तें बटण पाहावें. सहाव्या पिढीच्या यंत्रास मात्र कोणताही सुटा भाग घालून या दारांतून रीतसर आंत नेतां येत नाहीं.

निगडीच्या घराचा पेंच येथेंच पडला. एसएसडी बसली, ४ जीबीची आणखी एक पट्टी बसून रॅम ८ जीबी झाली, आणि रेखाचित्र अर्ध्या मिनिटाच्या आंत उघडूं लागलें. परंतु विंडोज ११ चें दार बंदच. लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली अशा यंत्रावर उत्तम चालते. तिचे उबुंटू व मिंट हे प्रकार प्रसिद्ध आहेत, मराठींत लिहितां येतें, पत्रव्यवहार, व्याख्यानें ऐकणें, हिशेब ठेवणें सर्व होतें. परंतु त्या मुलीच्या अभ्यासक्रमांतील रेखाचित्राचा कार्यक्रम विंडोजवरच चालणारा होता. मग घरानें विचारपूर्वक निर्णय केला : वाढीव योजनेंत नांव नोंदवावयाचें, पदविका त्या मुदतीच्या आंत पुरी करावयाची, आणि नंतर त्याच यंत्रावर लिनक्स घालून तें धाकट्या भावाच्या अभ्यासास द्यावयाचें. यंत्र अमर झालें नाहीं. मुलीच्या परीक्षेपुरता काळ मिळाला, आणि त्या घरास त्याचीच गरज होती.

हें काम घरीं करावयाचें असल्यास आमच्याकडील गुरुवारच्या सुट्टीचा निवांत दिवस त्यास चांगला. पहिलें काम स्क्रू काढण्याचें नसून मजकुराची प्रत करण्याचें आहे; फोटो, प्रमाणपत्रें, अभ्यास सर्व बाहेरील डिस्कवर उतरून घ्यावें आणि ती प्रत उघडते कीं नाहीं हें पाहावें. डिस्कवर कुलूप-संकेत चालू असेल तर त्याची पुनर्प्राप्तीची किल्ली कागदावर लिहून ठेवावी. मग यंत्र पूर्ण बंद करून तार काढावी, आणि झांकण उघडल्यावर सर्वांत आधीं बॅटरीची जोडणी सोडवावी. हिंवाळ्याच्या कोरड्या हवेंत अंगावर स्थिर वीज सांचते. ती चीपला घातक असल्यामुळें मधून मधून एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूस हात लावावा, आणि लोकरी अंगरखा घालून कामास बसूं नये. स्क्रू निरनिराळ्या लांबीचे असतात. कागदावर यंत्राची आकृति काढून ज्या त्या जागीं तो तो स्क्रू ठेवावा. लांब स्क्रू आंखूड जागीं पिळला तर मदरबोर्डास भोंक पडूं शकतें. वायफायच्या दोन बारीक तारांचीं टोकें नखानें ओढूं नयेत, सरळ वर उचलावीं. पंख्यावरील धूळ याच वेळीं काढावी. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर तेथेंच थांबावें. ती टोंचूं नये, दाबूं नये. जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे यंत्र न्यावें.

निघालेली हार्ड डिस्क चांगली असल्यास लहानशा बाह्य पेटींत घालून प्रती ठेवण्यास वापरतां येते. खराब झालेले भाग मात्र ओल्या-सुक्या कचऱ्यांत टाकूं नयेत. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशांत लागू झाले. त्यांप्रमाणें असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे गेला पाहिजे. भंगारवाल्यानें तारा जाळून तांबें काढलें तर तो धूर शेवटीं आपल्याच वस्तींत उतरतो.

श्रोतेहो, वर्ष-दोन वर्षांनीं आपणांपैकीं अनेकांवर नवा लॅपटॉप घेण्याची वेळ येईलच. त्या वेळीं दुकानदार पडद्याची चकाकी आणि यंत्राचा पातळपणा दाखवील. तें सर्व पाहावें; परंतु तीन प्रश्न अवश्य विचारावे. यांतील रॅम सुटी आहे कीं डागलेली? साठवण-पेटी बदलतां येते का? आणि बॅटरी स्क्रूनें बसविली आहे कीं डिंकानें? भोसरीचा कारागीर लेथ घेतांना त्याच्या दुरुस्तीचा विचार त्याच दिवशीं करून ठेवतो. कारण बेड किती वर्षें टिकेल आणि त्यावर पुढें काय काय बसवितां येईल, यावर त्याचें पोट अवलंबून असतें. आपल्या मुलांचा अभ्यास आतां ज्या यंत्रावर अवलंबून आहे, तें घेतांना आपणही निदान तेवढी चौकशी करावी.